सशाचा स्टिकर

मी घरी क्रीम करते. म्हणजे करायचे. नोकरी सांभाळून, रविवारी, बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर. मेण, खोबरेल, कधी हळद, कधी दालचिनीचं तेल. प्रत्येक डबीवर उडी मारणाऱ्या सशाचा स्टिकर आणि खाली 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही'. त्या सशाचा मला कोण अभिमान. आपल्याकडे असल्या चाचणीला कायद्यानेच बंदी आहे, हे मला कुठे ठाऊक होतं. सिग्नलला थांबल्याबद्दल स्वतःच स्वतःला हार घालून घ्यावा, तसला प्रकार.

चाचणी मात्र व्हायची. नवीन क्रीम तयार झालं की मी हॉलमध्ये बसलेल्या सासूबाईंना हाक मारायचे, "आई, जरा हात द्या." त्या लगेच डावी बाही वर करायच्या. घाईघाईत, हाताकडे नीट न बघताच, कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावायचं आणि दुसऱ्या दिवशी माझा डबा भरता भरता विचारायचं, "काही झालं?"

"छे गं. छान आहे."

झालं, माल पास. स्वतःच्या हातावर का नाही? तर माझी स्किन सेन्सिटिव्ह, मला लगेच पुरळ येतं. हे मी चारचौघांत हसत सांगायचे. आता आठवलं की कान गरम होतात.

एरवी मी त्यांच्याशी धड बोलतसुद्धा नसे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकदा त्या गॅसवर दूध ठेवून झोपून गेल्या, आणि मी त्यांना स्वयंपाकघर बंदच केलं. "तुम्ही बसा हो आई, कशाला मध्ये मध्ये करता." मी तोंडाने फटकळ, आणि त्या उलट शब्द न बोलणाऱ्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या लांब हातांचे ब्लाउज घालायला लागल्या, तेव्हाही मी करवादलेच, की घामाने भिजताय, हे कसलं खूळ.

दिवाळीच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मी टेबल मांडलेलं, आई शेजारी खुर्चीवर बसलेल्या. शेजारच्या विंगमधली एक बाई आली. ती कोलशेतला एका लॅबमध्ये नोकरीला आहे. तिने डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"प्राण्यांवर नाही, मग कशावर तपासलंत? आमच्याकडे लॅबमध्ये वाढवलेल्या त्वचेच्या तुकड्यांवर बघतात. माणसाच्याच पेशींपासून वाढवतात ती. तुमचं कसं?"

"अहो, नॅचरल आहे सगळं," असं काहीतरी मी ठोकून देणार, तेवढ्यात आई हौसेने म्हणाल्या, "माझ्यावर." आणि सवयीने बाही वर केली.

कोपरापासून पार खालपर्यंत चट्टे होते. काही काळे पडलेले, काही ताजे, एके ठिकाणी साल निघालेली. त्या बाईने डबी हळूच खाली ठेवली. "डॉक्टरांना दाखवा हं आजी," एवढंच म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. ती चार शब्द लावून बोलली असती तर बरं झालं असतं.

"आई, तुम्ही तर छान आहे म्हणायचात."

"अगं, एवढ्याशा खाजेसाठी तुझं काम कशाला अडवायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबल आवरलं आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. "हे कोणी लावलं?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीच लावलं." मी ते तसंच राहू दिलं आणि मलमाची चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

पुढच्या रविवारी ओटा रिकामा होता. आई दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. उजवी बाही आधीच वर केलेली.

"डावा राहू दे सध्या. हा घे, हा कोरा आहे."

"क्रीम बंद केलं मी, आई. आता तुमच्या हातावर काही लावायचं नाही."

मला वाटलं, सुटल्या म्हणून त्यांना बरं वाटेल. पण त्यांचं तोंड उतरलं. बाही खाली ओढत त्या म्हणाल्या, "मग आता मी काय करू?"