कांबळे सरांनी थांबवलेली कॅसेट

कॅमेऱ्याची ट्रॉली. सायकलच्या चार चाकांवर, वेल्डिंगसकट.

माइकचा दांडा, बांबूचा, अकरा फूट.

बॅटरीवर चालणारा दिवा. ट्रकच्या हेडलाईटचा बल्ब, बारा व्होल्ट, शंभर वॅट. मागं स्टीलची परात. पुढं निळा जिलेटिन कागद, म्हणजे उजेड पिवळा न पडता घरातल्या ट्यूबसारखा पांढरा पडतो.

हे सगळं मी माझ्या हातानं केलं. सातवी पास, कुठला कोर्स नाही, कुणी गुरू नाही.

आणि नऊ माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू. तेही मीच केलं.

हे मला कांबळे सरांनी दाखवलं. सर आज पहाटे गेले.

२००५ ची गोष्ट. कागदपत्रांशिवाय राहणारे परदेशी शोधून परत पाठवणारं सरकारी पथक असतं, त्यावर मुंबईच्या एका कंपनीनं चार भागांची डॉक्युमेंटरी केली. सगळं शूटिंग आपल्याच जिल्ह्यात झालं, आणि लाईट माझा होता. (पथक कुठल्या खात्याचं, ते इथं लिहीत नाही.)

चांदीचं काम करणारे बंगाली कारागीर राहायचे त्या खोल्या. वेळ संध्याकाळी साडेसातची. सगळे घरात असतात आणि लोडशेडिंग असतं.

पथकाचे साहेब म्हणाले, "कोण पळालं तर दिसाय पायजे. तुझा लाईट पुढं ठेव."

मी पुढं. माझ्यामागं कॅमेरा. त्यामागं पथक.

मालिका केबलवर लागली आणि गाजली. मुंबईच्या पेपरात अर्धं पान. पुण्याच्या एका साप्ताहिकानं लिहिलं, 'या माणसांनी कॅमेऱ्याचं हसून स्वागत केलं, हा विश्वास दिग्दर्शकानं कमावलेला आहे.' दुसऱ्यानं लिहिलं, 'प्रकाशयोजना इतकी सहज, की ती आहे हेच कळत नाही.'

ते कात्रण मी लॅमिनेट केलं. गल्लीत फेटा बांधून सत्कार झाला.

मग आपल्या सायंदैनिकात सरांचं परीक्षण आलं. सर हायस्कूलला मराठी शिकवायचे आणि आठवड्याला टीव्हीवर एक लेख लिहायचे. मोजून बारा ओळी. शेवटची ओळ अशी:

'चार भागांत कुणीच दार वाजवत नाही, तरी प्रत्येक दार उघडतं. का?'

डोकं फिरलं. गाडी काढली आणि थेट कोडोली. सरांचं घर.

"ये की. बस. टीका झोंबली न्हवं?"

"सर, तुमाला लाईटिंगमधलं काय कळतंय?"

"काय बी न्हाय. म्हणून तर तुला इचारायचं हाय."

त्यांनी मालिका व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेली. काकूंनी चहा ठेवला. सरांनी कॅसेट लावली.

पहिलं दार. फटीतून माझा उजेड आत जातो. कडी निघते. एक बाई दार उघडते, हसत. सरांनी रिमोट दाबला. बाई तशीच थांबली. टीव्हीचा पडदा थरथरत होता आणि ती हसत होती.

"आता आवाज ऐक," सर म्हणाले. जरा मागं घेऊन परत लावलं.

दार उघडायच्या आधी आतून तिचाच आवाज. बंगाली नव्हे. आपल्या बोलीत.

"आली की गं लाईट!"

सरांनी कॅसेट पुढं सोडली.

दुसरं दार. हसू. तिसरं दार. हसू. माणसं वेगळी, हसू तेच. प्रत्येक ठिकाणी सर थांबवायचे आणि माझ्याकडं बघायचे.

पाचव्या दारात म्हणाले, "म्होरचा माणूस सोड. मागं बघ."

मागं अंधारात एक म्हातारा भिंतीपाशी उभा. पंख्याचं बटण दाबतोय. पंखा फिरत नाही. तो वर बघतो. परत दाबतो.

पुढं दारातल्या माणसाला कागद विचारले जातायत. मागं तो बटण दाबतोच आहे.

शूटिंगला मी तिथं चार फुटांवर होतो. मला तो दिसलाच नव्हता.

एकेक फ्रेम पुढं नेत मी मोजलं. हसू येतं तिथपासून विझतं तिथपर्यंत वीस फ्रेम. सेकंदसुद्धा नाही. नऊही दारांत कमीजास्त तेवढंच.

"एवढ्या शहाण्यांनी बघितलं," मी म्हणालो, "कुणाला कसं दिसलं न्हाय?"

"बघताना त्येंच्या घरात लाईट हुती की."

मग सरांनी विचारलं, "दुसरी मालिका निघणार म्हणं. जाणार?"

"जाणार. काम हाय माझं."

"ह्योच दिवा घिऊन?"

"ह्योच. मी केलेला हाय त्यो."

चहा तसाच ठेवून उठलो. त्यानंतर सरांशी बोललो नाही. बाजारात दिसले की रस्ता बदलायचो.

पण घरी लोडशेडिंग संपायचं आणि बायकोच्या तोंडावर तेच हसू यायचं. वीस फ्रेम. मी तोंड फिरवून भिंतीकडं बघायचो. आजही बघतो.

आज सकाळी मातीला गेलो. काकू म्हणाल्या, "टीव्हीवर तसलं काय लागलं की शेवटची नावं संपस्तवर बसायचे बघ. म्या म्हणायची, झालं की आता, बंद करा. तर म्हणायचे, थांब, त्याचं नाव येतंय का बघतो."

ते वर्षानुवर्षं माझं नाव शोधत होते, आणि मी एक वाक्य सांगायला कोडोलीला गेलो नाही. गेलो असतो तर तुमचं खरं होतं असं कबूल करावं लागलं असतं. माझा ताठा. दुसरं कारण नाही.

सर, आता सगळ्यांसमोर सांगतो. बरोबर तुम्ही होता.

शांत झोपा. माझं नाव येणार नव्हतं.

दुसऱ्या मालिकेला मुंबईच्या कंपनीनं मला दिव्यासकट मागितलं होतं. सहा महिने, राहणं-जेवण वेगळं, एक लाख ऐंशी हजार रुपये. मी नाही म्हणालो.