बशीरचं तपकिरी शेवाळ

फोन आला तेव्हा मी टँकरपाशी रांगेत उभा होतो. नांदेडच्या दवाखान्यातून बशीरचा मुलगा बोलत होता, "काका, अब्बा गेले." माझ्यापुढे पाचच घागरी होत्या. सांगायला लाज वाटते, पण नंबर सोडून मी हललो नाही. घागर भरली, घरी आणून ठेवली आणि मग रडलो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही दोघं एकाच कचेरीत रुजू झालो. तो मुदखेडचा, मी हदगावचा. कचेरीत धड टेबलंसुद्धा नव्हती. एकाच बाकावर बसून आम्ही फायली लिहिल्या, एकाच डब्यात जेवलो. निवृत्तीनंतर मुलानं त्याला कोकणात नेलं आणि हा माणूस त्या वयात समुद्र बघून खुळावला. परतल्यावर त्यानं काचेची भलीमोठी पेटी करून घेतली. मुंबईहून समुद्री मिठाची पाकिटं, भोकाभोकांचे दगड आणि नारिंगी माशांची एक जोडी आली. गल्लीला चेष्टेला विषयच मिळाला. "प्यायला पाणी न्हाई अन् बशीरभाईच्या घरात समुद्र!" तो आपला हसायचा.

पण दुष्काळ कडक झाला तसं त्यानं पाणी गाळायचं यंत्र बंद केलं. घागरभर शुद्ध पाण्यापायी तीन घागरी मोरीत जायच्या. "माशापायी माणसाचं पाणी सांडणं हराम हाय," म्हणाला. पेटीतलं पाणी आटलं की तो टँकरचं पाणी घालू लागला. त्या पाण्यातल्या क्षारांमुळे महिन्याभरात काचेवर, वाळूवर, दगडांवर तपकिरी शेवाळाचा थर धरला. मला ते बघवेना. मी म्हणालो, "घासून काढ की रे." "काच पुसावी. दगडाला हात न्हाई लावायचा, त्यातले बारीक जंतू पाणी साफ ठेवत्यात, त्यावर माशांचा जीव हाय. सबुरी धर वाघमारे, जातंय आपोआप." सबुरी माझ्याकडे कधीच नव्हती.

पुढे त्याची छाती भरली. त्याला नांदेडला हलवलं, भाभीही सोबत गेल्या आणि घराची एक किल्ली माझ्याकडे आली. रोज मासे बघायचे, चिमूटभर खाणं टाकायचं, एवढंच काम. शेवाळ दाट झालं होतं. आमच्याकडे टँकरच्या दिवशी शिळं पाणी झाडांना घालतात, भांडी लख्ख घासतात आणि ताजं पाणी भरतात. पाण्याच्या भांड्याची माया करायची ती अशीच, हेच आम्हाला ठाऊक. मी मासे बादलीत काढले, पेटी रिकामी केली, दगड कढत पाण्यानं ब्रश मारून घासले, ताजं पाणी भरून त्यात मीठ कालवलं. काच आरशासारखी झाली. मी स्वतःवरच खूश होतो... तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे उलटे तरंगत होते.

त्याच आठवड्यात नांदेडला गेलो. नाकात नळी असलेल्या बशीरनं पहिलं तेच विचारलं, "शेवाळ गेलं का रे?" "गेलं." एवढं तरी खरं होतं. "अन् जोडी?" "मजेत हाय," मी म्हणालो. त्यानं डोळे मिटून मान हलवली. मग दर दोन-तीन दिवसांनी मी जात राहिलो, तो विचारत राहिला आणि मी मासे जिवंत ठेवत राहिलो. आज एक मोठा झालाय, आज दोघं तुझी वाट बघतायत... काय काय रचलं मी! परतताना गाडीत स्वतःची किळस यायची.

बशीरचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींकडे गेलो आणि त्या कोरड्या पेटीसमोर सगळं कबूल केलं. भाभी फडक्यानं काच पुसत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"त्यांना मालूम होतं, भाऊ. मी मधी कपडे न्यायला आले तवाच बघितलं, जाऊन सांगितलं. मग म्हणले, वाघमारेला बोलू नको. शरमेनं यायचा बंद होईल तो."