फुलमरळीची जोड

"आधी पाण्यात सोड, मंग बोल."

असं म्हणून ती पांढरं घमेलं पुढं सरकवायची. घमेल्याच्या कडेचा मुलामा उडालेला, बुडाला दोन जागी डांबर लावलेलं. आत हापशाचं नितळ पाणी. कुणी मासा हातात धरून "ही अमकी, ही तमकी" करायला लागला की ती त्याच्या तोंडाकडं बघायचीच नाही. मासा घ्यायची, घमेल्यात सोडायची, वरून ओलं गोणपाट अर्धं ओढायची आणि सुपारीचं खांड गालात धरून बसायची. सुपारी मऊ होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

जाळ्यातून निघालेला मासा खरा रंग दाखवत नाही. चिखल, ऊन, भीती, माणसाचा गरम हात. सगळ्या जाती एकाच राखेच्या रंगाच्या होऊन बसतात. नितळ पाण्यात जीव निवला की मग पट्टे वर येतात, ठिपके वर येतात. एवढी साधी गोष्ट. पण चाळीस वर्षं जाळं टाकलेल्या माणसाला ती एका बाईनं शिकवावी, हे त्याला सोसत नव्हतं. तो माणूस मी.

ती माझ्या जोडीदाराची बायको. आम्ही दोघं एका तराफ्यावरून जाळं टाकायचो. तो गेला, त्याचं जाळं तिनं घेतलं. मी तिला वैनी म्हणायचो, ती मला भावजी. तिचं नाव मी लिहीत नाही. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं आणि गावानं कुठं लिहिलं नाही, मग मीच कशाला लिहू?

हे मी रागानं लिहितोय, आधीच सांगतो. तिसरीपर्यंत शिकलोय, चुका निघतील, तुम्ही दुरुस्त करून वाचा. राग कशाचा ते ऐका. आमच्या तळ्याच्या काठाला पंचायतीनं एक फलक लावलाय. "आपल्या तलावातील मासे." बारा चित्रं आहेत. त्यात मरळ एकच. मी रंगाऱ्याला विचारलं, "कोनती मरळ काढलीस बे ही?"

"मरळ म्हंजी मरळ, काका."

अरे, ज्वारी म्हणजे ज्वारी असं सिरसाळ्याच्या बाजारात म्हणून बघ. अडत्या पोतं बाहेर फेकील. मालदांडी वेगळी, दगडी वेगळी. दाण्याला जात असते आणि माशाला नसते काय?

आमच्या तळ्यात मरळी दोन. एक पट्ट्याची. तिच्या कुशीवर तिरपे पट्टे, पोट पांढरट, कुठंही जगते, चिखलातसुद्धा. दुसरी फुलमरळ. ती मोठी होते, मागच्या अंगावर पांढरे ठिपके, अक्षता टाकल्यासारखे. लहान असते तेव्हा शेपटाच्या बुडाशी काळा डोळा असतो, त्याला केशरी कड. म्हातारपणी तो डोळा विझत जातो. चिखलातून काढलेल्या दोन मोठ्या मरळी शेजारी ठेवा, तुम्हीही फसाल. तुम्ही काय, मी फसलो.

पण वैनीचं आधी सांगतो.

अंबाजोगाईच्या कॉलेजातून एकदा एक सर आणि पाच-सात पोरं बाटल्या घेऊन आली. बोटाएवढी खवली मासळी गोळा केली, बाटलीवर "खवली" अशी चिठ्ठी लावली. वैनी शेजारी जाळं विणत होती. म्हणाली, "सर, ह्या दोन हायत. एकीच्या कल्ल्याच्या मागं ठिपका, दुसरीच्या पाठीवरच्या पराच्या बुडाला. शेपटाचा ठिपका दोघींना हाय, त्यावर जाऊ नका."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पोरांनी बाटली उपसली. खरंच दोन ढीग झाले.

"आजी, मग ह्यांची नावं काय?"

"नावं तुमी ठिवा. बारसं तुमच्याकडं. आमाला वळख पुरं."

सगळे हसले. मी नाही हसलो. ते सर माझ्याकडं आले होते, मच्छीमार सोसायटीतला जुना माणूस म्हणून. जाताना नमस्कार तिला करून गेले.

शिंगाडा माशाचंही तसंच. त्यातही दोन भाऊ आहेत. मिशी लांब होत शेपटापर्यंत गेली तर एक, मध्येच थांबली तर दुसरा. ती न बघता अंगठ्यानं मिशी ओढून सांगायची. एकदा मी म्हणालो, "वैनी, अंदाजानं ठोकता तुमी." तर माझ्या मिशीकडं बघून म्हणाली, "भावजी, तुमची बी मोजू का? लांब दिसती खरी, पर जाती कुठवर ते बघाया पायजे." गल्लीतल्या बाया महिनाभर मला बघून पदर तोंडाला लावायच्या.

तिच्या पुतणीला उमापूरचं स्थळ आलं. पोरगा खाली मान घालून बसला, सगळ्यांना पसंत. वैनी म्हणाली, "पान्यात सोडला का?" तिनं त्याला घागर देऊन टँकरवर धाडलं. तिथं आमच्या गल्लीची झुंबड. पोरगा एका म्हातारीची घागर लाथेनं सरकवून पुढं घुसला. ती लांबून बघत होती. घरी येऊन म्हणाली, "रंग आला वर." स्थळ मोडलं. मी तिच्यावर चिडलो होतो, कारण ते स्थळ मी आणलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. टाळून चालणार नाही.

उन्हाळ्यात तळं आटतं. जाळ्याची शेवटची ओढ घ्यायच्या आधी आम्ही भोई प्रत्येक जातीची एक जोड बाजूला काढतो आणि गावच्या बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत, सोडतो. ह्याला आम्ही बी ठेवणं म्हणतो. कुणबी कणग्यात बी ठेवतो, तसं. तळं भरलं की बारवेतली पिल्लं पुन्हा तळ्यात. बारवेवर जाळं टाकायचं नाही, गळसुद्धा टाकायचा नाही, हा आमच्या बापजाद्यांचा कायदा. बी सोडायचा मान वयानं मोठ्या पुरुषाचा. म्हणजे माझा. जोडी ओळखायचं काम आधी माझ्या जोडीदाराचं होतं, त्याच्या मागं तिचं.

त्या वर्षी तळं लवकर आटलं. मोठ्या मरळी दोनच निघाल्या, दोन्ही हातभर लांब, दोन्ही चिखलानं माखलेल्या. पायऱ्यांवर माणसं जमली होती. सरपंच आला होता, कुणीतरी मोबाईल धरून माझं शूटिंग करत होतं. मी दोन हातांत दोन मरळी धरून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "फुलमरळीची जोड!"

वैनी घमेलं घेऊन पुढं आली. "भावजी, आधी पान्यात सोडा."

"कशाला? माझी नजर ह्या घमेल्याहून जुनी हाय."

"ही जोड न्हाई वाटत. डाव्या हातातली फुलमरळ, उजव्यातली पट्ट्याची. घर करनार न्हाईत. दुसरी सापडंस्तोवर थांबू. दमानं घ्या."

दमानं घ्या! चारचौघांत, मोबाईलसमोर. मी म्हणालो, "मासा वळखाया बाई लागत आसंल तर जाळं सोडून बांगड्या भरतो मी." माणसं हसली. सरपंच सगळ्यात जास्त हसला. आणि मी दोन्ही मरळी बारवेत सोडून दिल्या.

घमेल्यातलं पाणी वैनीनं पायरीवरच्या तुळशीला घातलं, घमेलं कमरेवर घेतलं आणि गेली.

मरळ पिल्लांना सोडत नाही, हे तुम्ही बघितलं असेल. पावसाळ्यात पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरतो आणि खाली आईबाप राखण करतात. पट्ट्याच्या मरळीची पिल्लं लालभडक, फुलमरळीची काळी आणि अंगावर पिवळी रेघ. त्या पावसाळ्यात वैनी रोज सकाळी बारवेच्या पायरीवर बसायची. गोळा शोधायची. मी रस्त्यानं जाताना दिसायची आणि माझं डोकं फिरायचं. हिला काय पडलंय? बी माझं, मान माझा.

गोळा आला नाही. ना लाल, ना काळा.

तळं भरलं, पट्ट्याच्या मरळी ओढ्यातून चढून तळ्यात आल्याच. त्यांना कुणाची गरज नाही. फुलमरळ एकही आली नाही. दसरा झाल्यावर वैनी माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेर बसली. म्हणाली, "भावजी, वाण नदीच्या डोहात एक फुलमरळ हाय. माझ्या डोळ्यांनी बघितली. मोठं जाळं तुमच्याकडं, डोहाची वाट तुमाला ठावं. चला, आनू. आन् माझं नाव नगं. तुमी आनली म्हना."

बघा. माझी लाज तिनं आधीच झाकून आणली होती. मला फक्त उठायचं होतं.

मी म्हणालो, "बारवेत जोड हाय माझी. पुढल्या साली येतील पिल्लं."

ती पदर झटकून उठली. मग "बरं" म्हणाली. ते बरं मला अजून ऐकू येतं आणि अजून तिचा राग येतो. कावून गप बसलीस? दुसऱ्या कुणालाही घेऊन गेली असतीस. माझ्या तोंडावर घमेलं आपटलं असतंस. रिवाजाप्रमाणं बी सोडायचा मान माझा होता, म्हणून तू थांबलीस. कसला मान? जळो तो मान.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत डोह गेला. वाळूवाल्यांनी मशीन घातलं, डोहाच्या जागी खड्डे राहिले. कुणाला काही वाटलं नाही. गावातल्या किती घरांचे स्लॅब त्या वाळूचे आहेत, मी मोजत नाही, माझ्याही पोराच्या घराला तीच आहे. डोहातल्या मरळीचं काय झालं, हे विचारायला मी एकटाच गेलो. मशीनवरचा माणूस म्हणाला, "होती की, काका, मोठी! खाल्ली आम्ही."

त्याच उन्हाळ्यात बारवेचं पाणी खाली गेलं. वरची शेवाळ बसली आणि पाणी काचेसारखं नितळ झालं. वैनीचं घमेलंच जसं मोठं होऊन बसलं होतं. पायरीवरून दोन्ही मरळी दिसत होत्या. एक ह्या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. एकीच्या अंगावर अक्षता. दुसरीच्या कुशीवर तिरपे पट्टे. आंधळ्याला दिसलं असतं.

मी बघत उभा होतो. मागं चाहूल लागली, वळलो तर वैनी. तिनं मरळींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होतो, आता बोलेल. बोलायलाच पाहिजे होतं.

ती म्हणाली, "भावजी, ऊन लई हाय. टोपी घाला डोक्याला."

आणि पायऱ्या चढून गेली.

चूक माझी होती. हे मी एकदाच लिहिणार, पुन्हा विचारू नका.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. अंबाजोगाईला दवाखान्यात मी बघायला गेलो. हातात काय न्यावं कळेना, सुपारी नेली. ती उशाला ठेवली. तिच्या दोन सुना बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बोलायला मला जमेना. तिनंच विचारलं, "फुलमरळ जित्ती हाय का?"

"हाय."

"एकलीच?"

"पट्ट्याची हातानं काढून तळ्यात सोडली मी. एकलीच हाय."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "मंग बगा की कुठं जोड भेटली तर. तुमची नजर जुनी हाय."

चेष्टा केली का खरं बोलली, मला कळलं नाही. मी "बघतो" म्हणालो. चार दिवसांनी ती गेली, गावी आणली ती गाडीत आडवी करूनच.

घमेलं तिच्या सुना भंगारात देणार होत्या. मी मागून घेतलं. आता ते घेऊन मी बाजार करतो. सिरसाळ्याला जातो, गोदावरीकडं उमापूरला जातो, जिथं कुणी जित्ती मरळ आणतो तिथं जातो. माणसं हसतात. म्हातारा चळला म्हणतात. पंचायतीच्या फलकावरच्या मरळीला मी चुन्यानं पांढरे ठिपके काढले, तेव्हा सरपंचानं घरी माणूस धाडला. त्याला मी सांगितलं, "पुसून बघा, परत काढीन. आन् शेजारी दुसरी मरळ काढून द्या, तिला पट्टे बी मीच काढतो."

परवा उमापूरच्या बाजारात एकानं पिंपात मरळी आणल्या होत्या. एक मोठी होती, चिखलानं माखलेली. जुनी नजर म्हणाली, फुलमरळ. मी हापशावरून पाणी आणलं, घमेल्यात मरळ सोडली, ओलं पोतं अर्धं ओढलं. शेपूट मावेना, कडेवरून बाहेर राहिलं.

"काका, घ्यायची का न्हाई? गिऱ्हाईक थांबलंय."

"गप बस बे. आधी पान्यात सोडलीय. आता थांब."

मी सुपारी गालात धरली. बाजार चालला होता, माणसं घमेल्याला ठेचकाळत जात होती. मरळीचा जीव निवला. पाठ काळी झाली. मग कुशीवर, हळूहळू, एकामागं एक तिरपे पट्टे वर आले.

मी पोतं काढलं. डाव्या बाजूला, जिथं ती बसायची तिकडं बघून म्हणालो, "वैनी, ही बी न्हाई."

पाणी ओतलं, घमेलं उचललं आणि स्टँडकडं चाललो.