मागचा सूर

आमच्या गल्लीतले हवालदार दूध आणायलाही कवायतीच्या चालीनं जातात. पलटणीत ते पुढं राहून बॅगपाइप वाजवायचे. अजूनही संध्याकाळी कृष्णाकाठी स्कॉटलंडच्या चाली वाजवतात. "आली पिशवी!" पोरं ओरडतात. "पिशवी न्हाई रं, फुफ्फुस हाय," ते हसतात.

यंदा यात्रेत ऐन पालखीच्या वेळी माझ्या सनईमागं सूर धरणारा आजारी पडला. मागच्या अखंड सुराशिवाय सनई उघडी पडते. हवालदार आपला पिशवीचा बाजा घेऊन आले. चालीची नळी काढून त्यांनी तिथं बूच मारलं, म्हणजे खांद्यावरच्या नळ्यांचा नुसता अखंड सूर उरला.

"आवं, वाजवा तुमी. मागं मी हाय."

पालखी देवळात येईस्तोवर तो सूर तुटला नाही. गाव अजून माझीच तारीफ करतं, आणि मला ओशाळल्यासारखं होतं. म्हणून सांगतो, माझी सनई त्यांच्या दमावर वाजली.

देवळाशी मी म्हणालो, "आता लावा नळी. सूर मी धरतो."

"सूर बाजातच हाय की!"

"असू द्या. माझाबी असू द्या."

त्यांनी मोजे वर ओढले आणि स्कॉटलंडची चाल धरली. जन्मभर मी पुढं वाजवलं; पण छाती एवढी फुगली ती मागं उभं राहून.