ओब्दुलिया गिऱ्हाईक होते

स्पेनमधल्या मारासेना गावात, चर्चमागच्या गल्लीतल्या 'एल ओल्मो' बारमध्ये ओब्दुलियानं चौतीस वर्षं स्वयंपाक केला, पण तिथल्या टेबलाशी ती एकदाही जेवायला बसली नव्हती. तिचं जेवण म्हणजे शेगडीशेजारी उभ्याउभ्या, पावाच्या तुकड्यानं पुसून खाल्लेलं पातेलं. गिऱ्हाइकांचे चेहरेही तिला फारसे माहीत नव्हते. भिंतीतल्या खिडकीतून बशा बाहेर जायच्या आणि मागण्या आत यायच्या, त्यामुळे माणसं ती आवाजावरून ओळखायची. खोकत मागतो तो पोस्टमन. 'जरा रस्सा जास्त घाल गं' म्हणते ती औषधाच्या दुकानातली बाई. दीडच्या सुमाराला नवऱ्याचा, सेफेरिनोचा, आवाज यायचा. गिलाव्याचं काम थांबवून तो काउंटरला टेकून एक बिअर घ्यायचा, आणि बिअरबरोबर तिथल्या रीतीप्रमाणे फुकट खाण्याची जी छोटी बशी समोर यायची ती बायकोच्याच हातची असायची. पण दोघं मिळून तिथं कधी बसले नव्हते.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा तिनं काम सोडलं. त्यानंतर तीन महिने ती त्या गल्लीकडे फिरकली नाही. पाव आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायची.

मे महिन्यात एका शुक्रवारी बारचा मालक लेआंद्रो स्वतः घरी आला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

"बाई, लोक कुरकुरतायत. खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा बदललाय म्हणतात. नवीन पोरगी हाताची चांगली आहे, पण ऐकेल तर शपथ. उद्या दुपारी ये. गिऱ्हाईक म्हणून बस, चव घे, आणि काय चुकतंय ते तिला तोंडावर सांग. तुझं ऐकेल ती."

"चौतीस वर्षं मी तुमचं ऐकलं, मालक. तेवढ्यानं भागलं नाही का?"

पेपरामागून सेफेरिनो फिसकन हसला.

शनिवारी तिनं भाचीच्या लग्नातला निळा झगा घातला. टेबलाशी बसल्यावर हात कुठं ठेवावेत हेच तिला कळेना. समोर ती भिंतीतली खिडकी दिसत होती. एवढीशी? आतून ती केवढी मोठी वाटायची.

एक सडपातळ माणूस खोकत खोकत जवळ आला.

"म्हणजे ओब्दुलिया ती तूच! मला वाटलं होतं, तू चांगली उंच असशील."

"आणि मला वाटलं होतं, तू म्हातारा असशील," ती म्हणाली. "खोकला तर म्हाताऱ्याचाच आहे."

पहिल्या पेल्याबरोबर तळलेली वांगी आली, वर उसाच्या काकवीची धार. वांगी कुरकुरीत होती. सेफेरिनोनं हात पुढं करायच्या आत ओब्दुलियानं बशी रिकामी केली होती.

तेवढ्यात पहिल्या कम्युनियनचा विधी आटोपून मंडळी चर्चमधून थेट बारमध्ये शिरली. पांढऱ्या झग्यातली एक मुलगी आणि तिच्यामागे वीसएक नातेवाईक. आत धांदल उडाली. काहीतरी खळ्ळकन फुटलं. ओब्दुलिया अर्धी उठलीसुद्धा.

सेफेरिनोनं तिचं मनगट धरलं. "बस."

"अरे, बशी फुटली."

"फुटू दे. तुझी नाही."

ती बसली. बसणं इतकं अवघड असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या पेल्याबरोबर खिम्याचे गोळे आले. बदामाचा रस्सा तिच्या रश्शापेक्षा गडद होता. तिनं पाव बुडवला, तोंडात घातला आणि चावायची थांबली.

पहिल्याच वर्षी तिनं बदाम असे तांबूस भाजले होते. तेव्हा लेआंद्रोची आई, डोन्या अंगुस्तियास, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची. म्हातारीनं अख्खं पातेलं मोरीत ओतलं. "आमच्याकडे बदाम पांढराच राहतो." त्यानंतर ओब्दुलियानं तो पांढराच ठेवला. म्हातारी गेली, तरी ठेवला. आणि घरी आल्यावर तिला स्वयंपाकाचं नावही नको असायचं.

लेआंद्रो टेबलाशी येऊन उभा राहिला. "सांग."

"बोलवा तिला."

विल्मा हात पुसत बाहेर आली. बोलिव्हियाची, तिशीच्या आतली. चेहरा असा की आता बोलणी खायची आहेत, मग उभ्यानं खाऊ.

"काय चुकलं, बाई?"

"बदाम किती वेळ भाजतेस?"

"वास सुटेपर्यंत. मग आणखी थोडे."

"मालक नको म्हणाले तरी?"

"तरी."

शेजारच्या टेबलांवरची माणसं ऐकायला वळली होती.

"मीठ जरा हात आखडून घाल," ओब्दुलिया म्हणाली. "बाकी काही बदलू नकोस. मला पहिल्या वर्षापासून असाच करायचा होता. माझी छाती झाली नाही."

"अगं, मी तुला बोलावलं कशाला!" लेआंद्रो ओरडला.

"चव घ्यायला. घेतली."

"पण आम्हाला जुनाच आवडायचा हो," शेजारच्या टेबलावरून औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली.

"सवय होती तुम्हाला. मलाही होती."

हे बोलून ओब्दुलियानं हातातला पावाचा तुकडा बशीत परत ठेवला. चौतीस वर्षांची पातेली, आणि रस्सा दुसऱ्याच कुणाचा. विल्माच्या ते ध्यानात आलं असावं. ती वाकून हळूच म्हणाली, "वांगी मी तुमच्यासारखीच करते. काकवी शेवटी घालायची, तुमच्या हातानं भिंतीवर लिहिलेलं आहे. पुसलं नाही मी ते."

विल्मा आत गेल्यावर सेफेरिनोनं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी त्या म्हातारीचा रस्सा खात होतो?"

"हो."

"तरीच."

"तरीच काय?"

"काही नाही. खा."

लेआंद्रो दोन आठवडे फुगून होता. पण रस्सा तसाच राहिला. मीठ कमी झालं आणि हळूहळू कुरकूरही बंद झाली. आता ग्रानादाहून कुणी मुद्दाम जेवायला आलं, तर ही आमच्या आईची कृती, असं तो खुशाल सांगतो. विल्मा तेव्हा खिडकीतून ओब्दुलियाकडे बघते.

दर शनिवारी नवराबायको दोघं येतात. सेफेरिनोला खुर्ची मानवत नाही. पहिला पेला संपला की तो उठून काउंटरपाशी जातो आणि पोस्टमनशी फुटबॉलवरून भांडत उभा राहतो. ओब्दुलिया एकटीच बसून सावकाश खाते, आणि बशी गार झाली तरी तिला घाई नसते.