पाटणादेवीचा वाया गेलेला फोटो

मी फोटोग्राफर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोतावळ्यात बारसं निघालं की मला हक्कानं बोलावतात आणि मग अमक्याच्या सासऱ्यांचा फोटो राहिला म्हणून वर्षभर टोमणे मारतात. जळगावला सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. कॅमेरा ही नुसती हौस. तरुणपणी ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना रोलचा कॅमेरा घेतला, तेव्हापासून घरातलं एक कार्य सोडलं नाही की एक सहल सोडली नाही. निगेटिव्हच्या पट्ट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवल्या आहेत. बायको त्या डब्यांना भंगार म्हणते. म्हणू दे.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुतणी धुळ्याहून माहेरी आली. तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आमच्या गावी, बोदवडजवळ, कापसाची शेती करायचा. पोरगी वर्षाची व्हायच्या आत तिची आई काविळीनं गेली. भावानं दुसरं लग्न केलं नाही, पोरगी तेवढी माझ्या बायकोच्या ओटीत आणून टाकली. ती जळगावला आमच्याकडे वाढली, शिकली आणि आमच्याच दारातून सासरी गेली. माझ्या बायकोला ती मोठीमाय म्हणते आणि मला नाना.

मागच्या वर्षी भाऊही गेला. पुतणीनं धुळ्यात नवं घर बांधलंय, तिथं बैठकीत त्याचा फोटो हार घालून लावलाय. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुलरसमोर आडवा होऊन आमरस जिरवत होतो, तेव्हा ती जवळ येऊन बसली.

"नाना, आईचा फोटो पाहिजे," म्हणाली. "बाबांच्या शेजारी लावायचाय. आणि लावायचं राहिलं तरी चालेल, मला एकदा तिचं तोंड बघायचंय. माझी पोरगी शाळेत जायला लागली, आणि अजून मला माझी आई कशी दिसायची ते माहीत नाही."

तिच्याकडे नव्हताच फोटो. लग्नाचा अल्बम गावच्या घरात वाळवीनं खाल्ला. आईच्या माहेरी कॅमेरा कुणी बघितलेला नव्हता. मतदार ओळखपत्रासाठी गावोगाव फोटो काढायला लागले, त्याच्या आधीच ती गेलेली. भावापुढे तिचा विषय काढला की तो उठून गोठ्यात जायचा, म्हणून आम्हीही काढत नव्हतो. आमच्या अल्बममधल्या दोन-चार फोटोंत ती आहे, पण पदर ओढलेली. पोरीचं म्हणणं, छापलेले तेवढे असतील, पण डब्यांत न छापलेले कितीतरी असतील ना.

"असतील म्हणजे काय, ढीगभर असतील," मी म्हणालो. "तुझी आई आमच्या घरात आली आणि मी कॅमेरा घेतला, ते एकाच सुमाराला. एक मागतेस कशाला, पन्नास देतो. काढ डबे."

एवढ्या तोऱ्यात बोललो, ते पुढं चांगलंच अंगाशी आलं.

निवृत्तीनंतर मुलानं मला निगेटिव्ह स्कॅन करायचं यंत्र आणून दिलं होतं. ते कॉम्प्युटरला जोडलं आणि एकेक पट्टी सरकवायला लागलो. ती बाजूला खुर्ची घेऊन बसली. मी सांगत होतो, हा पोळा, हे आपले बैल, ही तुझी आई. आई बैलांना ओवाळत होती आणि पदर हनुवटीपर्यंत. हे मळ्यातलं भरीत, काट्यांच्या जाळावर वांगी भाजताहेत ते बघ, आणि ही तुझी आई. ती जाळापुढे उकिडवी बसलेली, वांगं फिरवणारा हात स्वच्छ दिसतोय आणि तोंडावर पदर. हे तुझं बारसं. त्यात बाळाच्या पापण्यासुद्धा मोजता येतील इतका झकास फोकस, आणि बाळाला धरणारी बाई पदरात. त्या फोटोची मी चारचौघांत फुशारकी मारायचो.

डबा संपला. दुसरा काढला. आखाजीचे झोके, लग्नाचं वऱ्हाड, चाळीसगावच्या स्टेशनावर ट्रंकांवर बसलेली मंडळी. ती सगळीकडे होती आणि कुठंच नव्हती.

आता याचं कारण सांगायला हवं. आमच्या घरात रीत होती की धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाला तोंड दाखवायचं नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे मी. बोलायचंही नाही. आंघोळीचं पाणी तापलं की ती मला सांगत नसे, भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "पाणी तापलं म्हणा." दर शनिवार-रविवारी मी गावी जायचो, तिच्या हातची भाकरी खायचो, आणि तिची ओळख म्हणजे पदराखालून ताट पुढं करणारे दोन हात आणि भिंतीशी बोललेली चार वाक्यं. वाईट कुणालाच वाटत नव्हतं. तिलाही वाटत नसावं, आणि मला तर नाहीच. सगळ्यांच्या घरात तसंच होतं.

पण कॅमेऱ्यामागे दर वेळी मीच उभा. सासरे नसले, सासू नसली, तरी मी असायचोच. माझ्या ध्यानात हे आलं तेव्हा दुसरा डबा अर्धा झाला होता. पुतणीच्या ध्यानात आधीच आलं असावं.

"नाना, तुम्ही कॅमेरा ठेवून निघून गेला असतात ना, तर तिचा फोटो निघाला असता," ती म्हणाली.

"मग काढला कुणी असता, भुतानं?" मी खेकसलो. खेकसलो खरा, पण मला फार वाईट वाटलं. पोरीनं आयुष्यात माझ्याकडे हट्टानं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं माझ्याकडे नव्हतं. ती उठून पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा डोळे धुऊन आली होती. "राहू द्या नाना, आवरा आता," म्हणाली.

मी आवरलं नाही. मला चीड आली होती, कुणाची ते माहीत नाही. तिसऱ्या डब्यात सहलींच्या पट्ट्या होत्या. त्यात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची एक पट्टी होती. श्रावणात आम्ही घरची आणि चुलत घरची मंडळी पॅसेंजरनं गेलो होतो. म्हातारी माणसं देवळात टेकली आणि सुना धबधब्याकडे गेल्या. मी धबधब्याचा फोटो घ्यायला वरच्या अंगानं चढलो. फोटो फसला. धबधबा वर पांढराफट्ट आला, खालची सगळी बाजू काळी. तो मी कधी छापलाच नाही. माझ्या लेखी ती पट्टी धबधब्याची होती, माणसांची नव्हतीच.

तो फोटो कॉम्प्युटरवर आला आणि काळी बाजू उजळली, तर खाली डोहाच्या काठाला चार बाया. मी वर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ओले केस मोकळे, पदर खोचलेले, आणि चौघींची तोंडं उघडी.

पुतणी इतकी पुढं वाकली की तिचं डोकं माझ्या चष्म्याला लागलं. मी चित्र मोठं केलं. दाणेदार झालं, पण चेहरे कळत होते. उजवीकडून दुसरी माझी बायको, ती मी लगेच ओळखली. उरल्या तिघी. दोघी चुलत घरच्या सुना, आणि एक तिची आई.

"नाना, यात माझी आई कोणती?"

मी बघत राहिलो. एकीचा चेहरा गोल, एक काळीसावळी आणि बारीक, एक उंच. फोटो काळा-पांढरा, लुगड्याच्या रंगावरून ओळखावं म्हटलं तर तेही नाही. हात ओळखले असते, पण हात इवले इवले. मी तिच्या हातचं इतकी वर्षं जेवलो, तिच्या मयताला खांदा दिला, आणि मला सांगता येईना.

"मला नाही गं माहीत," मी म्हणालो.

तिनं गोल चेहऱ्याच्या बाईवर बोट ठेवलं. ती थोडीफार पुतणीसारखी दिसतही होती. "हीच असणार. हो ना?"

मी बायकोला हाक मारली. ती पापड वाळत घालून आली होती, हात पिठाचे. "काय पसारा मांडला हा भंगाराचा," म्हणत चष्मा चढवला, पडद्याकडे बघितलं. मग पिठाचं बोट सरळ त्या काळ्यासावळ्या, बारीक बाईवर टेकवलं. तिचा हात माझ्या बायकोच्या खांद्यावर होता आणि ती तोंड उघडून हसत होती, पुढचा एक दात जरा वाकडा.

"ही तं आहे तुही माय," बायको म्हणाली. "माही चप्पल वाहून गेली व्हती पान्यात. तिले हसूच आवरेना. मले धरून हसे."

पुतणी बराच वेळ बघत होती. मीही बघत होतो. मीही तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"मी हिच्यासारखी जरासुद्धा दिसत नाही," पुतणी म्हणाली.

"नाहीच दिसत. तू बापाच्या वळणावर गेली," बायको म्हणाली.

"मग लहानपणी तू मला आरशापुढं उभी करायचीस ते? म्हणायचीस, बघ, तुझी आई अश्शीच दिसायची. मी अजून घरी कुणी नसलं की आरशात बघते मोठीमाय."

बायको खाली पलंगावर बसली. "मंग काय करू? माय दाखव म्हनून तू रडे. घरात फोटो नव्हता. आरसा व्हता."

पुतणीनं तिच्या मांडीत डोकं घातलं आणि लहान पोरासारखी रडली. बायको पिठाच्या हातांनीच तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, केस पांढरे झाले तरी. मी कुलरमध्ये पाणी टाकायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि मीही रडलो. लाज कसली त्यात.

संध्याकाळी मी तो फोटो नीट केला, जमेल तेवढे दाणे काढले. पुतणीला म्हणालो, "तुझ्या आईचा चेहरा तेवढा कापून, मोठा करून देतो. फ्रेमला बरा दिसेल."

"नको नाना," ती म्हणाली. "चुलत काकू कापा हव्या तर. या दोघी राहू द्या."

बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "ए बाई, मी जित्ती आहे अजून. मेलेल्या मान्साच्या बाजूले मले भितीवर कशाले टांगते?"

"टांगणार. दोघींना एकत्रच," पुतणी म्हणाली. "हार नाही घालणार. बाबांच्या फोटोचाही काढून टाकते."