मोटेल विकलं नाही, म्हणून केनवडला आलो नाही

केनवडच्या फाट्यावर वाशीमची एसटी आली तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आमची सुटकेस टपावर चढवू दिली नाही. मांडीवर घेऊन बसा म्हणाले. मग खिडकीपाशी येऊन मला हळूच बोलले, "माय, तिकडं हात चालू ठेवजो. हात चालू असला म्हंजे मन लागते." आई खिडकीची काच नीट सरकते का, तेवढं पाहत राहिली.

माझे यजमान विलासराव. त्यांची थोरली बहीण अमेरिकेत नर्स होती, तिनं आमचे कागद केले. न्यू जर्सीत समुद्रकाठच्या एका लहान गावात तिच्या ओळखीच्या बाईंचं मोटेल होतं, तिथं आम्ही दोघं कामाला लागलो. मोटेल म्हणजे लॉजच, फक्त गाडी थेट खोलीच्या दाराशी लावायची.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. मुक्कामाची जागा म्हणजे शिरपूरची धर्मशाळा एवढंच ठाऊक. इथं मोरपंखी दारं, नारिंगी कठडे, काजूच्या आकाराचा पोहण्याचा तलाव, त्याच्या काठी प्लास्टिकची माडाची झाडं आणि छतावर निऑनची शेपटीवाली चांदणी. सगळं आमच्या जन्माच्याही आधीचं. मला तो लग्नाचा मांडव वाटला. हंगाम सरला की उतरवतील. हंगाम सरला, तेव्हा फक्त झाडं काढून आत ठेवली.

चादरी बदलत, बाथरूम घासत उन्हाळे गेले. बाई थकल्या तेव्हा मोटेल आम्हीच घेतलं. पाहुणे बहुतेक साधे लोक, बसचे ड्रायव्हर, शाळेतल्या स्वयंपाकिणी. वर्षातला एक आठवडा समुद्रावर काढायचा, तोही नेहमीच्याच खोलीत. कोणाचं लेकरू पहिल्यांदा पोहायला शिकलं ते आमच्याच तलावात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत तुम्ही गावाकडचे सगळे शेतात असायचे, तेव्हा आम्ही इथं पडदे धूत असायचो.

केनवडला आम्ही सांगून ठेवलं होतं की मुलीचं शिक्षण झालं, की विकून येऊ. माझ्या भावानं, रमेशनं, फाट्याजवळची जागा आमच्यासाठी राखून ठेवली होती. मुलगी शिकली, नोकरीला लागली. तोवर आमच्या रांगेतली मोटेलं एकेक करून पडली आणि तिथं उंच फ्लॅट उभे राहिले. मग एक बिल्डर आमच्याकडेही आला. विलासराव खूश झाले. "आता गुडघे नाही चालून राह्यले," मला म्हणाले. "इकून टाकू अन् गावी जाऊ." मीही मनात सामान बांधायला लागले होते.

त्याच सुमारास गावातल्या काही लोकांनी जुनी मोटेलं वाचवायची समिती काढली. आमच्याकडे येऊन म्हणाले, वारसा म्हणून नोंद करा. नोंद केली की पाडता येत नाही, रंगही मनानं बदलता येत नाही, आणि असली वास्तू कोणी बिल्डर घेत नाही. नोंद म्हणजे केनवडला जाणं राहूनच गेलं. विलासरावांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले.

पुढं या जुन्या मोटेलांवर नगरपालिकेत सभा झाली. आम्ही फक्त ऐकायला गेलो होतो. बिल्डरचा माणूस पडद्यावर आमच्या मोटेलचा फोटो दाखवून म्हणाला, हे पडीक सांगाडे आहेत, इतक्या वर्षांत कोणी यांची निगाच राखली नाही. माझ्या शेजारची खुर्ची वाजली. विलासराव उभे होते. दर वसंतात खारा वारा खाऊन गंजलेले कठडे घासणारा, शिडीवर चढून चांदणीच्या नळ्या बदलून घेणारा तो माणूस. आपल्या इंग्रजीत त्यांनी एवढंच विचारलं, "निगा राखली नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि खाली बसले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्या निगा नाही राखली म्हंते थो."

"मंग?"

"मंग काय. इकत नाही."

मी भांडले. रडलेही. गावी जायचं ठरलं होतं, ते एका माणसाच्या एका वाक्यानं मोडावं? पण सकाळी खोल्या झाडायला गेले, तेव्हा समजलं की नोंदीच्या कागदावर मीही सही करणार आहे. ही दारं कोणी पाडलेली मला बघवली नसती.

रमेश फोनवर चिडला. "आमी तुमची वाट पाहून राह्यलो अन् तुमी तिकडं परक्यायच्या भिंती वाचवून राह्यल्या. कायले?" पुढं किती तरी दिवस तो फोनवर आला नाही, वहिनीच बोलायची. राखलेली जागा त्यानं शेवटी त्याच्या मुलाला दुकानासाठी दिली. बरं केलं.

नोंद झाली. मोटेल उभं आहे. पैशाची ओढाताण असते, मुलगी बुकिंग पाहते, विलासराव शिडीवर चढायचे थांबलेले नाहीत. जे तुमच्यासारखे गावात मागं राहिले आणि जे आमच्यासारखे निघाले, त्या दोघांनाही सांगते, आम्ही काही मोठं ठरवलं नव्हतं. कामाचं ठिकाण होतं, त्यात जीव गुंतला.

यंदाच्या हिवाळ्यात मोटेल बंद करून काही दिवसांसाठी केनवडला आले. रमेश बोलला, आधी थोडं, मग पुष्कळ. निघायच्या दिवशी वहिनीनं डाळ, जवसाची चटणी बांधून दिली. इतकी वर्षं आमच्याकडे अमेरिकेला सगळे 'तिकडं' म्हणायचे. तिकडं थंडी असंल, तिकडं कधी जाता.

गाडी सुरू झाली तशी वहिनी म्हणाली, "घरी पोचल्या की फोन करजा, ताई."

आपण 'घरी' म्हणालो, हे तिच्या लक्षातही आलं नसेल. रमेशनं मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिला दुरुस्त केलं नाही.